टेलिफोनचे न ऐकू येणारे बोलणे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

सहशिक्षक, बी. ए., बी. एड., ऐरोली

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे पदाधिकारी, पालक बंधुभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, अस्सलामु अलैकुम.

आपण सर्वांनी एकाच वेळी उत्तर दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. हे उत्तर लक्षात ठेवा. पुढे मला त्याचा उपयोग करावयाचा आहे.

मी विज्ञानाचा शिक्षक नाही. मी मुलांना मराठी आणि इतिहास शिकवतो. तेव्हा टेलिफोनवर बोलण्याचा ह्या माणसाला अधिकार काय, असे कुणाच्या मनात आले तर ते रास्तच होय. परंतु एक प्रसंग माझ्या घरात घडला, त्याने मला हा विषय शिकावयास लावले, आणि शिकलेले चार घरांत पोहोचवावे ह्या हेतूने मी उभा आहे.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी शाळेत होतो. घरी अम्मीला एका अनोळखी माणसाचा फोन आला. "तुमच्या सिमची मुदत संपली आहे, संध्याकाळी फोन बंद पडेल. चालू ठेवायचा असेल तर मी सांगतो तो नंबर दाबा." बोलणे अदबीचे होते. नंबर स्टारच्या चिन्हाने सुरू होत होता, मग ४०१, मग पुन्हा स्टार आणि पुढे दहा आकडे. अम्मीने तो दाबला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटले. त्या माणसाने आभार मानून फोन ठेवला.

त्यानंतर अम्मीचा फोन वाजेनासा झाला. तिला वाटले, पावसाने रेंज गेली असेल. तोवर आमच्या नात्यातल्या वीस-पंचवीस लोकांना तिच्या नावाने निरोप गेले होते की, मी दवाखान्यात आहे, पैशांची तातडी आहे. कुवेतमधल्या मामूंनी बहिणीचा निरोप समजून वीस हजार रुपये पाठविले. संध्याकाळी मी घरी आल्यावर सारा प्रकार उघडकीस आला. मी चिडून विचारले, "अम्मी, तू त्याला ओटीपी सांगितलासच कशाला?" ती रडवेली होऊन म्हणाली, "अरे, मी काहीच सांगितले नाही. त्या नंबरावर मी कुणाशी बोललेसुद्धा नाही. नुसता नंबर दाबला."

ती खरे बोलत होती, आणि तिच्या पदवीधर मुलाला तिच्या ह्या वाक्याचे उत्तर देता येईना. बोललेच नाही, तर माणूस फसतो कसा?

आमच्या वस्तीत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "सर, तुमच्या अम्मी माणसाशी बोलल्या नाहीत, पण एक्स्चेंजशी बोलल्या. टेलिफोनमध्ये दोन बोलणी असतात. एक आपण ऐकतो ते. दुसरे आपल्याला ऐकू येत नाही, पण पहिले त्याच्याच जोरावर चालते." ह्या दुसऱ्या बोलण्याला इंग्रजीत सिग्नलिंग म्हणतात. आपण त्याला संकेत म्हणू. हे संकेत कोणी, कोणत्या क्रमाने द्यावयाचे आणि समोरच्याने काय उत्तर द्यावयाचे, ह्याचा जो ठरलेला रिवाज, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. शब्द भारी आहे, पण अर्थ रिवाज एवढाच.

प्रथम घरातल्या साध्या टेलिफोनपासून सुरुवात करू. तो ठेवलेला असतो तेव्हा त्याच्या तारेत प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलला की आतला खटका वर येतो, मंडल पूर्ण होते आणि एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह वाहू लागतो. एक्स्चेंजच्या दृष्टीने हा पहिला संकेत : "कुणीतरी काही मागत आहे." मग एक्स्चेंज तो एकसुरी आवाज पाठवते, ज्याला आपण डायल टोन म्हणतो. त्याचा अर्थ, "मी ऐकतो आहे, नंबर सांगा." म्हणजे आपण तोंडातून शब्द काढण्यापूर्वीच एक प्रश्न आणि एक उत्तर होऊन जाते.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. त्या काळी हे संकेतांचे काम माणूस करीत असे. एक्स्चेंजमध्ये बसलेला ऑपरेटर नंबर विचारून घेई आणि हाताने दोन तारा जोडून देई. समोरचा बोलत असेल तर तसे सांगे, बोलणे संपले की तारा सोडवी. विचारणे, जोडणे, कळवणे आणि सोडवणे ही चार कामे आजही तशीच आहेत. फक्त ती आता यंत्रे करतात.

ही कामे माणसाच्या हातून यंत्राकडे गेली, त्याची कथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी गावी अल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरवणारा एक व्यावसायिक होता. आपल्याला येणारे फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते, असा त्याला संशय होता, असे सांगतात. चिडून त्याने ऑपरेटरच नको असे यंत्र शोधून काढले. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. फोन मध्येच दुसरीकडे वळवला जाण्याची तक्रार किती जुनी आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

स्वयंचलित एक्स्चेंजबरोबर गोल चकतीचा फोन आला. चकतीत बोट घालून ५ फिरवला की ती परत येताना तारेतला प्रवाह पाच वेळा तुटे आणि पाच वेळा जुळे. शून्याला दहा वेळा. वेग सेकंदाला सुमारे दहा ठोक्यांचा. पलीकडे यंत्राचा दांडा पहिल्या आकड्याइतक्या पायऱ्या वर चढे आणि दुसऱ्या आकड्याइतका आडवा सरके. आपल्या बोटाची हालचाल मैलभर दूरचा दांडा जशीच्या तशी करी.

पालकांपैकी काहींना आठवत असेल, फोनचा गैरवापर होऊ नये म्हणून चकतीला छोटे कुलूप लावीत. मुले मात्र रिसीव्हर ठेवण्याचा खटका पटापट दाबून नंबर लावीत. कारण एक्स्चेंजला चकती दिसतच नाही. त्याला फक्त प्रवाह तुटल्याचे ठोके मोजता येतात. मग ते चकतीने तोडा की खटक्याने. मित्रांनो, खोडीचे मी समर्थन करीत नाही, पण ती करणाऱ्या मुलाला सिग्नलिंगचा पहिला धडा कळला होता हे मान्य करावे लागेल.

पुढे बटणांचे फोन आले. अमेरिकेत ही पद्धत १९६३ साली सुरू झाली. हिच्यात ठोके नसतात, सूर असतात. बटणांच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर आणि प्रत्येक उभ्या ओळीला एक सूर दिलेला आहे. ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ असे दोन सूर एकदम निघतात. एकाऐवजी दोन का? कारण माणसाच्या बोलण्यात किंवा शिट्टीत नेमके तेच दोन सूर एकाच वेळी, तेवढ्याच जोराने येण्याचा संभव फार कमी. म्हणजे बोलण्याला संकेत समजण्याची चूक टळते. बँकेला फोन केल्यावर "मराठीसाठी अमुक आकडा दाबा" असे ऐकू येते, तेव्हा आपण हेच सूर पाठवीत असतो.

आता एका एक्स्चेंजने दुसऱ्याला नंबर सांगावयाचा कसा, ते पाहू. समजा, ऐरोलीहून आपण चिपळूणला घरच्या फोनवर फोन लावला. पहिला आकडा ०. तो सांगतो, "हा फोन गावाबाहेरचा आहे." मग २३५५, हा चिपळूणचा क्रमांक. मग तिथल्या घराचा क्रमांक. खाडीपलीकडच्या मुलुंडला लावला तर सुरुवातीचे ० लागत नाही, कारण ऐरोली आणि मुलुंड दोन्ही एकाच ०२२ मध्ये आहेत. पोस्टाच्या पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव, घर, तसाच हा पत्ता आहे.

हा पत्ता ऐरोलीकडून चिपळूणकडे जाताना वाटेत एखादा आकडा हरवला तर? भलत्याच घरी फोन वाजेल. म्हणून आपल्या देशातील एक्स्चेंजमध्ये पुष्कळ वर्षे जी पद्धत वापरली गेली तिचे नाव आर-२. तिच्यात पुढचे एक्स्चेंज "ऐकले" असा उलटा सूर देत नाही तोवर मागचे एक्स्चेंज आपला सूर थांबवीत नाही. उलटा सूर आला की ते थांबते. ते थांबल्याचे कळले की पुढचे थांबते. मगच दुसरा आकडा निघतो. प्रत्येक आकड्याला ही चार पावले.

सुरुवातीला मी आपणांस सलाम केला आणि आपण उत्तर दिलेत. सलामाला उत्तर देणे हे आपल्याकडे सक्तीचे मानले जाते. उत्तर आले नाही तर आपण समजतो, ऐकले नसावे, आणि थोड्या मोठ्याने पुन्हा सलाम करतो. आर-२ चा रिवाज नेमका हाच. पोहोच मिळाल्याशिवाय पुढे जावयाचे नाही.

पोहोचेचे महत्त्व मी लहानपणी वेगळ्या तऱ्हेने शिकलो. १९९० च्या दशकात आमचे अब्बा कुवेतला होते आणि आम्ही चिपळूणजवळच्या गावी. वाडीत फोन एकच, दुकानदार चाचांकडे. परदेशचा फोन महाग. म्हणून अब्बांनी खूण ठरवली होती. दोन वेळा घंटी वाजून फोन बंद झाला की चाचांनी मुलगा पाठवून अम्मीला बोलावून घ्यावयाचे. पंधरा मिनिटांनी अब्बा पुन्हा फोन करीत, तेव्हा अम्मी हजर असे. घंटी वाजवण्याचे पैसे पडत नसत, म्हणून बोलावणे फुकटात होई.

एकदा चाचा दुकानामागे माल उतरवीत होते. दोन घंट्या कुणीच ऐकल्या नाहीत. अब्बांना मात्र वाटले, निरोप पोहोचला. पंधरा मिनिटांनी त्यांनी फोन केला, चाचांनी उचलला, अम्मी नव्हती. पैसे गेले आणि महिनाभर साठवलेले बोलणे राहून गेले. ती रात्र अम्मीने न जेवता काढली. त्यानंतर अब्बांनी नियम बदलला : दोन घंट्या, पाच मिनिटे थांबून पुन्हा दोन घंट्या. पोहोच मिळण्याची सोय नाही, तर निरोप दोनदा द्या. पुढे वाचनात आले की, टेलिफोनची आधुनिक यंत्रेही पोहोच न आलेला निरोप पुन्हा पाठवतात. आमच्या अब्बांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते.

आता आपण ह्या विषयाच्या मुख्य वळणाशी आलो आहोत. आतापर्यंतच्या पद्धतीत एक दोष होता. संकेत आणि बोलणे एकाच तारेवरून जात. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या तारा मोकळ्या असल्याची खूण म्हणून २६०० हर्ट्झचा एक सूर वापरीत. जो एन्ग्रेसिया नावाच्या एका अंध मुलाला सुरांची उपजत जाण होती. त्याला लहानपणीच आढळले की, आपण तेवढी शिट्टी वाजवली की फोन मध्येच तुटतो. पुढे काही तरुणांना कळले की, न्याहारीच्या धान्याच्या एका खोक्यात भेट म्हणून मिळणारी खेळण्यातली शिट्टी नेमका हाच सूर काढते. शिट्टी वाजली की यंत्राला वाटे, तार मोकळी झाली. मग पुढचे सूर छोट्या यंत्राने काढून हे लोक जगभर फुकट फोन करीत. १९७१ मध्ये हा प्रकार एका अमेरिकन मासिकात छापून आला आणि गाजला. पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्या स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझ्नियाक ह्या दोघांनीही तरुणपणी अशी यंत्रे बनवली होती.

दोष शिट्टीचा नव्हता. जिथून गिऱ्हाईक बोलते तिथूनच हुकूमही जातो, ही मुळातली उणीव होती. दुकानात गिऱ्हाईक आणि मालक एकाच खिडकीतून बोलू लागले तर नोकराने कुणाचा हुकूम मानावा?

म्हणून संकेतांसाठी वेगळा रस्ता काढण्यात आला. त्याची तयारी डिजिटल तंत्राने करून दिली. आपल्या देशातील पहिली पीसीएम यंत्रणा १९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी ह्या एक्स्चेंजांच्या दरम्यान बसली. पीसीएम म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून पाठवणे. आपल्याकडे रूढ झालेल्या पद्धतीत एका जोडणीवर ३२ खाने असतात. ३० खाने बोलण्याचे, एक खाना वेळ जुळवण्याचा आणि एक संकेतांचा. पुढे १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७ नावाचा रिवाज प्रसिद्ध केला, आणि यथावकाश जगभर तोच चालू झाला. त्यात संकेतांचे स्वतंत्र जाळेच असते. एक संकेतवाहिनी हजारो बोलण्यांच्या वाहिन्यांचा कारभार पाहू शकते, कारण निरोप लहान असतात.

हा रिवाज लागू असलेल्या जाळ्यात ऐरोलीहून चिपळूणला फोन लावला की संकेतांच्या रस्त्यावरून पहिला निरोप जातो : "अमुक क्रमांकासाठी फोन आहे, अमुक वाहिनी राखून ठेवली आहे." पलीकडून दुसरा निरोप येतो : "पत्ता पूर्ण मिळाला, घंटी वाजते आहे." पलीकडच्याने फोन उचलला की तिसरा : "उत्तर दिले." ह्याच क्षणापासून आकारणी सुरू होते. फोन ठेवला की चौथा : "वाहिनी सोडा." आणि पाचवा : "सोडली." बोलणे संपल्याचीसुद्धा पोहोच द्यावी लागते. "वाहिनी सोडा" ह्या निरोपाबरोबर कारणाचा क्रमांकही येतो. १६ म्हणजे नेहमीप्रमाणे संपले, १७ म्हणजे समोरचा दुसऱ्याशी बोलतो आहे, १ म्हणजे असा क्रमांकच अस्तित्वात नाही. आपण ऐकतो ती "हा क्रमांक अस्तित्वात नाही" ही बाई आपल्याशी बोलते, त्यापूर्वी एका यंत्राने दुसऱ्याला नुसता १ हा आकडा कळवलेला असतो.

आता आमच्या अब्बांच्या दोन घंट्यांचे कोडे सुटते. पहिला आणि दुसरा निरोप झाला, पण "उत्तर दिले" हा तिसरा निरोप निघालाच नाही. म्हणून पैसे पडले नाहीत. मिस्ड कॉल म्हणजे बोलण्याशिवाय केवळ संकेतांवर चाललेला व्यवहार. रिक्षावाल्यापासून शेठपर्यंत साऱ्या देशाने तो वापरला, आणि तो वापरताना कुणाला सिग्नलिंग हा शब्द ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

एसएमएसही ह्याच रस्त्याने आला. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. संकेतांच्या रस्त्यावर जी मोकळी जागा उरते तिच्यात लहानसा निरोप बसवावा, अशी ती कल्पना. एका निरोपाला १४० बाइट्सची जागा. इंग्रजी अक्षर लहान मापात बसते, म्हणून १६० अक्षरे मावतात. देवनागरीला मोठे माप लागते, म्हणून मराठीत ७०. शिवाय आपली काना-मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी मोजली जाते. मराठी एसएमएस लवकर का संपतो, ह्याचे कारण हे.

ह्यानंतर मोबाइल आला. भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. मोबाइलने एक नवी अडचण उभी केली. घरचा फोन जागचा हलत नाही. पण मोबाइल सकाळी ऐरोलीत, दुपारी ठाण्यात आणि ईदला चिपळूणला. त्याला शोधावयाचे कसे?

त्यासाठी प्रत्येक कंपनीकडे एक मोठे दप्तर असते. प्रत्येक ग्राहकाची त्यात नोंद असते : हा क्रमांक कुणाच्या सिमचा, त्याला कोणत्या सोयी दिल्या आहेत, आणि सध्या तो कोणत्या भागात आहे. आपण चिपळूणला उतरलो की फोन तिथल्या टॉवरला हजेरी देतो आणि ती खबर दप्तरात जाते. आपल्याला कुणी फोन केला की यंत्र आधी दप्तराला विचारते, "हे गृहस्थ कुठे आहेत?" आणि मग फोन तिकडे धाडते. मोबाइल खिशात गप्प असतो तेव्हाही अधूनमधून हजेरी देत असतो. २०११ च्या जानेवारीपासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. तीही अशाच नोंदींच्या आधारावर चालते.

ह्याच दप्तरात आणखी एक रकाना असतो : "ह्या क्रमांकावर येणारे फोन दुसरीकडे वळवावयाचे काय? कोणत्या क्रमांकावर?" आणि मित्रांनो, इथेच माझ्या अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

स्टार आणि हॅश ह्या चिन्हांनी सुरू होणारा नंबर हा पुष्कळदा कुणाचा नंबर नसतो. तो हुकूम असतो. तो दाबला की कुठे घंटी वाजत नाही. तो संकेतांच्या रस्त्याने कंपनीच्या यंत्राकडे जातो आणि दप्तरात नोंद बदलते. स्टार ४०१ आणि पुढे दहा आकडे ह्याचा अर्थ होता : "माझे सारे फोन ह्या क्रमांकावर वळवा." हुकूम अम्मीच्या स्वतःच्या सिमवरून गेला होता, त्यामुळे यंत्राने तो खरा मानला. मग त्या भामट्याने तिच्या क्रमांकावर निरोपांचे ॲप आपल्या फोनमध्ये उघडले, आणि खात्रीचा आकडा फोन करून सांगा अशी मागणी केली. तो फोन अम्मीकडे न येता त्याच्याकडे गेला. ओटीपी अम्मीने सांगितला नव्हता. तिने नकळत आपल्या घराचे दार त्याच्या अंगणात नेऊन बसवले होते.

अशा तक्रारी वाढल्यामुळे दूरसंचार विभागाने स्टार ४०१ सारख्या हुकुमांनी फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. ही चांगली गोष्ट झाली. परंतु एक वाट बंद झाली की भामटे दुसरी शोधतात, म्हणून मूळ तत्त्व समजून घेतलेले बरे.

मोठ्या जाळ्याचीही गोष्ट अशीच आहे. नंबर ७ चा रिवाज ठरला तेव्हा जगात टेलिफोन चालवणाऱ्या संस्था मोजक्या होत्या, बहुतेक सरकारी. सगळे ओळखीचे. म्हणून आलेला निरोप खरोखर त्याच संस्थेकडून आला आहे काय, हे तपासण्याची तरतूद त्यात ठेवली नाही. पुढे कंपन्या शेकड्यांनी वाढल्या, आणि विश्वास तेवढा जुनाच राहिला. २०१४ साली जर्मनीतील अभ्यासकांनी ह्या रस्त्याने दुसऱ्याचे फोन व निरोप कसे पकडता येतात ते जाहीर सभेत दाखवून दिले. २०१७ मध्ये तिथल्या काही बँक ग्राहकांचे एसएमएसने येणारे आकडे ह्याच मार्गाने चोरून पैसे काढण्यात आले. शिट्टीवाल्यांपासून सुटका करून घेण्यासाठी वेगळा रस्ता बांधला, तो उत्तम बांधला, परंतु त्या रस्त्यावर येणाऱ्याची ओळख विचारावयाची राहून गेली. त्यानंतर कंपन्यांनी अशा निरोपांना गाळण्या लावल्या.

सध्याच्या ४-जी आणि ५-जी फोनवर बोलणे इंटरनेटच्याच पद्धतीने छोट्या पाकिटांतून जाते, आणि त्याचा रिवाज निराळा आहे. त्याचे नाव सिप. त्यात पहिला निरोप आमंत्रणाचा असतो, मग "घंटी वाजते आहे", मग "ठीक आहे", त्यावर "पोहोचले", आणि शेवटी निरोप घेण्याचा शब्द. शब्द बदलले, पण आमंत्रण, उत्तर, पोहोच आणि निरोप हा क्रम काही सुटला नाही.

पालकहो, आता कामाच्या चार गोष्टी. स्टार किंवा हॅश असलेला नंबर कुणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कदापि दाबू नका. फोन बराच वेळ वाजला नाही तर रेंजवर न सोडता मोबाइलच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून पाहा, किंवा कंपनीकडे चौकशी करा. एखाद्या नातेवाइकाचा पैशांचा निरोप आला तर पैसे पाठवण्यापूर्वी त्याचा आवाज ऐका, आणि फोन भलत्यानेच उचलला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. आणि फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर कळवा. आम्ही त्या दिवशी आधी रडण्यात आणि रागावण्यात वेळ घालवला. मामूंचे पैसे परत आले नाहीत. ते अम्मीला एका शब्दानेही बोलले नाहीत. ह्याचेच तिला जास्त वाईट वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी. आपण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या काठी राहतो. ऐरोलीच्या उंच इमारतींत संगणकाची कामे चालतात, शेजारच्या घणसोलीत मोबाइलच्या एका मोठ्या कंपनीचे मुख्य आवार आहे. ह्या इमारतींच्या पायाशी उभे राहून आपण फोनवर चित्रफिती पाहतो, पण त्यांच्या आत काय चालते हे विचारत नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण आहे, पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार ह्या विषयाची पदविका आहे, पुढे अभियांत्रिकीची पदवी आहे. मुलींनाही ही दारे तेवढीच उघडी आहेत. ह्या क्षेत्रात जाणाऱ्याला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. त्याचबरोबर, समोरच्याचे ऐकून घेतले की नाही ते तपासून मगच पुढे जाण्याची सवयही लागते. खटका दाबून नंबर लावणाऱ्या खोडकर मुलासारखे कुतूहल ठेवा. मात्र ते कुणाचे कुलूप उघडण्यासाठी न वापरता अधिक चांगले कुलूप बनवण्यासाठी वापरा.

शेवटी शाळेचा शिक्षक म्हणून एक विनंती. आम्ही मुलांच्या वहीतून घरी चिठ्ठी पाठवतो. तिच्यावर पालकांची सही हवी असते. पुष्कळ वह्या सहीशिवाय परत येतात. मग आम्हांला कळत नाही की, चिठ्ठी वाचली गेली, की दप्तराच्या तळाशीच राहिली. दुकानदार चाचांच्या फोनची घंटी वाजून गेली होती, आणि अब्बा कुवेतमध्ये समजत होते की निरोप पोहोचला. शाळा आणि घर ह्यांच्यामध्ये तसे होऊ नये. चिठ्ठी पटली नाही तर तसे लिहा, भेटायला या, भांडा. पण पोहोच द्या. मुलाचे वर्ष वाया जाण्यापूर्वी आपल्या दोघांमध्ये चार निरोप झालेले असले, तर बरेच काही वाचते.

अम्मी आज ह्या सभेत पुढच्या रांगेत बसली आहे. हा प्रसंग सांगू का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "सांग. माझ्यासारखी एक जरी बाई वाचली तरी पुष्कळ झाले." तिच्या परवानगीने सांगितले.